बाइकवरून कॅम्पिंगला जायचं तर तंबू कोणता घ्यावा आणि कसा लावावा?

एकटे जाणार असलात तरी 2 माणसांचा घ्या. त्या आकड्यात फक्त झोपलेली माणसं धरलेली असतात. हेल्मेट, जॅकेट, बूट, बॅगा रात्रभर दवात कुठे ठेवणार? वजन 3 किलोपर्यंत असलं तरी बाइकला जड नाही. खरी अडचण लांबीची. घडी केलेल्या काठ्या 45-50 सेंमीपेक्षा लांब असतील तर मागच्या सीटवर आडव्या बांधल्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. दुकानात टेप घेऊनच जा.

तंबू खुंट्यांशिवाय उभा राहणारा, डोम प्रकारचाच हवा. गुहागरजवळ एका सड्यावर (खडकाळ पठारावर) जांभ्या दगडात खुंट्या ठोकता ठोकता माझ्या तीन वाकल्या. शेवटी दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळल्या आणि तंबू रात्रभर जागचा हलला नाही. पुळणीवर तर खुंटी धरतच नाही. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून पुरा.

मातीत खुंटी मारताना तिचं डोकं तंबूच्या विरुद्ध बाजूला कललेलं ठेवा. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. थंडीतही वरच्या जाळ्या उघड्याच ठेवा, श्वासाच्या वाफेने पहाटे आतलं कापड ओलं होतं.

बाइक हातभर नाही, चांगली दोन-तीन मीटर लांब लावा. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवाच, रात्री ओल्या मातीत स्टँड रुततो.