नाचणीच्या कोंड्याच्या अर्काची कॅप्सूल घेतल्याने पोटाची चरबी कमी होते का?

कॅप्सूलने पोट उतरेल या भरवशावर राहू नका. पण दावा अगदीच हवेतला नाही.

मोहालीच्या 'नाबी' या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुपकट आहारावरच्या उंदरांना 12 आठवडे नाचणीचा कोंडा दिला, तेव्हा त्यांची दाहाची, म्हणजे शरीरात आतून येणाऱ्या सुजेची, लक्षणं कमी झाली आणि आतड्यातले उपयोगी जीवाणू वाढले. मात्र कोंडा होता आहाराच्या 10 टक्के! एवढा कॅप्सूलमध्ये बसतो कुठे?

चरबीचा त्रास नुसत्या वजनाचा नसतो. चरबीच्या पेशी फार फुगल्या की त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, दाह वाढतो, ॲडिपोनेक्टिन हे हितकारक हार्मोन घटतं आणि इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. कोंड्यातले तंतू आतड्यात आंबून तयार होणारी आम्लं आणि कोंड्यातलीच पॉलिफेनॉल्स ही वनस्पतिजन्य द्रव्यं हा दाह कमी करत असावीत. माणसांत हे अजून पक्कं सिद्ध व्हायचंय.

गंमत म्हणजे नाचणीसत्त्व करताना आपण वाटलेली नाचणी फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकतो. कोंडा जातो तो त्याच चोथ्यात. त्यापेक्षा न चाळलेल्या पिठाची भाकरी खा, तीही पोळी-भाताच्या जागी, वरून जास्तीची नको. किडनी स्टोन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, नाचणीत खडे व्हायला हातभार लावणारं ऑक्सलेट असतं.