वाचकांचे प्रश्न : प्रीॲम्पची घूं, अर्धवट फिरणारा नॉब आणि व्हॉल्व्हचं आयुष्य

प्रश्न : नवा व्हॉल्व्ह प्रीॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा, पॉवर ॲम्पच्या आधी लागणारा ॲम्प्लिफायर) घेतला. गाणं थांबलं की दोन्ही स्पीकरमधून बारीक ‘घूंऽऽ’ ऐकू येते. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही त्यालाच जोडला आहे. प्रीॲम्प दुरुस्तीला द्यावा का? (ठाणे)

उत्तर : इतक्यात नको. पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) बंद करा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल केबल काढा, मग पॉवर ॲम्प पुन्हा लावून ऐका. घूं गेली, तर प्रीॲम्प निर्दोष आहे. केबलचं अर्थिंग एकीकडे, तुमच्या प्लगचं दुसरीकडे. दोन्हींत किंचित व्होल्टेजचा फरक असतो आणि तेवढ्यावर उपकरणं जोडणाऱ्या आरसीए ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. केबलची मधली पिन आणि जाळी यांतला फरक हाच पॉवर ॲम्पच्या दृष्टीने सिग्नल असल्याने तो ही घूंही इमानेइतबारे मोठी करतो.

अशा वेळी कुणी प्लगची जाड तिसरी पिन काढायला सांगेल. कृपया ऐकू नका. व्हॉल्व्ह प्रीॲम्पमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असतो. आत काही तुटून पत्र्याला लागलं, तर जीव वाचवते ती हीच पिन. भिंतीतली केबल आणि बॉक्स यांच्यामध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा जोड) लावा. डिश असेल तर तो चालणार नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच केबलमधून जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. तिथे बॉक्सच्या ऑप्टिकल आउटपुटमधून डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणारं यंत्र) आणि डॅकमधून प्रीॲम्प अशी जोडणी करावी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, अर्थिंग जोडलं जात नाही.

तरीही घूं राहिलीच, तर बाकीची उपकरणं एकेक करून काढत जा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर मागच्या स्क्रूला घट्ट आहे ना, तेही पाहा. प्रीॲम्प पॉवर ॲम्पच्या डोक्यावर ठेवला असेल, तर फूट-दीड फूट बाजूला घ्या. जागा बदलताना आवाज कमी-जास्त झाला, तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडलं जातंय असं समजा. सगळं काढूनही घूं नव्हे तर ‘झंऽ’ अशी १०० हर्ट्झची झालर उरत असेल, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासायला तंत्रज्ञाकडे द्यावं लागेल. झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

प्रश्न : आवाजाचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा जेमतेम नऊच्या जागेपर्यंत फिरवला तरी घर दणाणतं, आणि त्याखाली डावा स्पीकर मोठा वाटतो. (कोल्हापूर)

उत्तर : सीडी प्लेअर किंवा डॅक २ व्होल्ट देतो. बऱ्याच पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीसाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. मधल्या प्रीॲम्पने वर आणखी चार-पाच पट वाढवायचं कारणच नसतं. नॉब तळाशी अडकतो, आणि नॉबमागच्या साध्या कार्बन पोटेन्शिओमीटरचे (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) डावे-उजवे ट्रॅक तळाशीच सर्वांत कमी जुळतात. प्रीॲम्पमध्ये गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) कमी करायचा स्विच असेल तर वापरा. नसेल तर पॉवर ॲम्पच्या इनपुटला १० डेसिबलचे अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे छोटे जोड) लावा. व्होल्टेज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि नॉब अकराच्या पुढे जातो. ते पॉवर ॲम्पच्या टोकालाच लावावेत, म्हणजे प्रीॲम्पची स्वतःची सूक्ष्म सळसळही तेवढीच खाली जाते.

पॉवर ॲम्प क्लास-डी (स्विचिंग पद्धतीचा) असेल तर त्याचा इनपुट इम्पीडन्सही (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) पाहा. तो १० किलोओहम आणि प्रीॲम्पचा आउटपुट कपॅसिटर १ मायक्रोफॅरड असेल, तर १६ हर्ट्झला खर्ज ३ डेसिबलने पडतो आणि त्याखाली आणखी घसरतो.

प्रश्न : व्हॉल्व्ह प्रीॲम्प कायम चालू ठेवावा का? (पुणे)

उत्तर : नाही. वर्षाचे ८,७६० तास होतात, आणि ई८८सीसीसारख्या दीर्घायुषी व्हॉल्व्हचंही आयुष्य १०,००० तासांच्या आसपास धरतात. ऐकण्याआधी अर्धा तास लावणं पुरेसं. आधी प्रीॲम्प, मिनिटभराने पॉवर ॲम्प. बंद करताना नेमकं उलट. व्हॉल्व्ह बदलताना ईसीसी८२ आणि ई८८सीसी दोन्ही नऊ पिनांचे म्हणून अदलाबदल करू नका, फिलामेंटची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी आहे.