पोरीनं न सांगता फॉर्म भरला, त्याबद्दल

रामराम भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी दोन वर्षं ‘नीट’ ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देते आहे, यंदा ३४० गुण पडले. एक वर्ष लातूरला क्लाससाठी ठेवलं, त्यापायी दोन एकर वावर गहाण गेलं. ती एमबीबीएसला लागली की शेगावची पायी वारी, असा नवस तुम्ही बोललात आणि त्याच नवसाचे गुरुवार ती उपाशीपोटी करते. तुमचा प्रश्न असा की नियोजन आहे, अभ्यास आहे, श्रद्धा आहे, मग अडतं कुठं? आता राजस्थानात कोटाच्या क्लासला पाठवू का?

कोटाला पाठवू नका. उरलेलं वावरही त्यात जाईल.

मला खरी काळजी लागली ती पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीनं. ‘पोरीनं आम्हाला न सांगता सीईटीचा फॉर्म भरला, माहीत झाल्यावर मी लय रागावलो. त्यात ८८ पर्सेंटाइल आहेत, पण ते सोडा. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही.’

भाऊ, ते कसं सोडू? सीईटी ही कृषी, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश परीक्षा आहे. दोन पानांच्या पत्रात मुलीनं स्वतःहून केलेली ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं तुमचं आहे: स्वप्न, कर्ज, नवस. तिच्या वाट्याला उपास आला आणि गुण कमी पडले की आपल्यापायी बापाचं वावर गेलं, देवाचा नवसही राहिला, हे ओझं आलं. एकोणीस वर्षांची पोर हे कोणाजवळ बोलेल? तुमच्याजवळ तर बोलूच शकत नाही, कारण तुम्ही रागावलात. या घडीला मला तिच्या गुणांपेक्षा तिच्या गप्प राहण्याची भीती वाटते. तिला जवळ बसवा आणि फॉर्म का भरला ते विचारा. मध्ये बोलू नका. ‘पण’ म्हणू नका. आणि गुरुवारचा उपास तिच्याकडून काढून घ्या, करायचाच असेल तर तुम्ही करा.

‘दुसरा पर्याय ठेवला म्हणजे आपला विश्वास डळमळला’ असं तुम्ही लिहिता. हे मी बऱ्याच घरांत ऐकतो आणि ते साफ चूक आहे. तुम्ही पऱ्हाटीत तुरीचे तास टाकता ना? पाऊस देवाच्या हाती आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, तरी तूर पेरता. त्या वेळी पांडुरंगावरचा विश्वास कमी झाला असं तुम्हाला कधी वाटलं नाही. मग पोरीच्याच बाबतीत का वाटावं? ज्या गजानन महाराजांना तुम्ही नवस बोललात, त्यांच्या संस्थानानं शेगावात १९८३ साली इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. तुमच्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा नवस-सायासावर कडाडून बोलले आणि भांडी विका पण पोरांना शिकवा म्हणाले. ते शिकवा म्हणाले, डॉक्टरच करा म्हणाले नाहीत. माझं ऐकाल तर शेगावची वारी याच वर्षी करा, कुठलीही अट न घालता. नवस फिटला की पोरीच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.

नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. प्रयत्नांना मर्यादा नाही, म्हणून माणूस देतच राहतो. तिला स्वतःला तिसऱ्यांदा द्यायची असेल तर तीही देऊ द्या, पण कुठंतरी प्रवेश घेऊन आणि आणखी कर्ज न काढता.

सीईटीच्या गुणांवर बी.एस्सी. कृषी आणि बी.फार्म.साठी अर्ज करता येतो. कृषीचं अकोल्याचं पंजाबराव देशमुख विद्यापीठ तुम्हाला जवळ आहे. पशुवैद्यकीयला नीटचेच गुण धरतात, म्हणून नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचाही अर्ज भरा. ‘शेतीतून बाहेर काढायला शिकवतो आणि तुम्ही पुन्हा शेतीच सांगता’ असं म्हणाल. कृषी पदवीधराला बँकेत कृषी अधिकारी होता येतं, कृषी सेवेची एमपीएससी देता येते, बियाण्यांवर संशोधन करता येतं. पण यातलं काय निवडायचं ते तिनं सांगायचं, तुम्ही नाही, मीही नाही.

पैशाचं म्हणाल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, घ्यावा लागतो आणि होस्टेल-मेसचा खर्च आपला. तुम्ही ओबीसी लिहिलं आहे, म्हणजे नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल हे सगळं लागेल. पडताळणीला वेळ जातो. या आठवड्यात सेतू केंद्रात जाऊन कोणता कागद कुठं अडला आहे ते बघा आणि जाताना तिला सोबत न्या. फॉर्म तिनं एकटीनं भरला आहे, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.