वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा कोळी आणि पेटीतला टॅरॅन्टुला

प्रश्न : देवगडजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. पावसाळा लागला की न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी ठाण मांडून बसतो. तो दिसला की माझं पाऊल आत पडत नाही, सासूबाईंना केरसुणी घेऊन बोलवावं लागतं. आता पाच वर्षांची लेकही माझं बघून किंचाळते. कुणी म्हणतं, एखादा मोठा कोळी पाळा, भीती आपोआप जाईल. खरं का?

उत्तर : नाही. भीती असताना पाळलेल्या कोळ्याचं झाकण कुणी उघडत नाही. पाणी बदलायचं राहतं, जनावराचे हाल होतात आणि भीती तिथल्या तिथेच राहते. आधी न्हाणीघरातल्याचं बघू.

तो बहुधा हेटेरोपोडा व्हेनेटोरिया जातीचा. हा जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं मारतो. अंग चपटं, म्हणून दिवसा वासे आणि कौलांच्या फटीत मावतो. पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, त्यामुळे धड दोन-अडीच सेंटिमीटरचं असलं तरी पायांसकट तो दहा सेंटिमीटर सहज भरतो. मादीच्या पोटाखाली कधी नाण्याएवढी पांढुरकी चकती दिसते. ती अंड्यांची पिशवी. तिच्यात शंभरावर पिल्लं असू शकतात, तेव्हा केरसुणीचा फटका हा सगळ्यात वाईट उपाय. हा कोळी अंगावर धावून येत नाही. हुसकावला की जवळच्या अंधाराकडे पळतो, आणि कधी कधी तो अंधार नेमका तुमच्या पायांमागे असतो. चिमटीत किंवा कपड्यात दाबला गेला तर चावतो. तिथे आग होते, सूज येते आणि उतरते.

भीती घालवायची खात्रीची रीत म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी सामोरं जाणं. वहीत आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहामध्ये भीतीचा आकडा टाका. कोळ्याचं चित्र दोन, मोबाईलवर चालता कोळी चार, न्हाणीघराच्या दारातून दहा फुटांवरून बघणं सहा, तो आत असताना बादली उचलून आणणं आठ, स्वतः बरणीत पकडणं दहा. तुमचे आकडे वेगळे येतील. तीनच्या आसपासच्या पायरीवरून सुरू करा आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा. कधी दहा मिनिटं लागतील, कधी पाऊण तास. एकच पायरी दोन-तीन वेगळ्या दिवशी सोपी गेली की वरची घ्या. आठवड्यातून एकदा करून भागत नाही, चार-पाच वेळा तरी हवं.

बहुतेकांचं दोन ठिकाणी फसतं. एक, भीती शिगेला असताना पळ काढणं. पळालो म्हणून वाचलो, एवढंच मन शिकतं आणि पुढच्या वेळी आकडा वाढतो. राहवलंच नाही तर दोन पावलं मागे या, पण खोली सोडू नका. दुसरं, हातात केरसुणी किंवा मागे सासूबाई उभ्या ठेवणं. मग धीराचं श्रेय त्यांना जातं. सुरुवातीला हरकत नाही, पण प्रत्येक पायरी शेवटी रिकाम्या हाताने, एकटीने व्हायला हवी. बघायचं तेही नीट बघा. डोळे किती, पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत का, पायांवर काटे दिसतात का. नजर चुकवत काढलेली वीस मिनिटं जमेला धरता येत नाहीत.

भिंतीवरचा कोळी कधी पळेल याचा नेम नाही, त्यामुळे सरावाला तो अवघड. कोकणात त्याहून सोयीचा कोळी आहे. गणपती ते दिवाळीच्या दिवसांत पोफळीच्या आगरात दोन झाडांमध्ये मोठं गोल, उन्हात सोनेरी चमकणारं जाळं दिसतं. त्याच्या मधोमध खाली डोकं करून बसलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी काळी-पिवळी मादी म्हणजे नेफिला. दिवसच्या दिवस ती जागा सोडत नाही. पहिल्या दिवशी पंधरा फूट, मग दहा, सहा, तीन. अंतर तुम्ही ठरवायचं, ती तिथेच असते. त्याच जाळ्यात तिच्याहून कितीतरी लहान तांबूस नर शोधा. तो सापडेपर्यंत जवळ जावंच लागतं.

शेवटची पायरी बरणीची. तोंड किमान बारा सेंटिमीटर रुंद असलेली पारदर्शक बरणी घ्या. अरुंद तोंडाखाली पाय चिरडतो, कोळी तो पाय तोडून पळतो आणि तुमची महिन्याची मेहनत वाया जाते. बरणी सावकाश भिंतीला टेकवा. जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा भिंतीलगत खालून सरकवा, पायांना लागला की थांबा, पाय उचलला की पुढे. मग घराबाहेरच्या मांगरात नेऊन सोडा. घरात झुरळं आणि फटी असतील तर तो परत येईल, ते गृहीत धरा.

लेकीला जबरदस्तीने कोळी दाखवू नका. ती कोळ्याकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघते आहे. तुमच्या चार-पाच पायऱ्या झाल्या की तिला बाजूला उभं राहू द्या. भीतीपायी घरातली कामं अडत असतील, झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८९मध्ये मांडलेल्या पद्धतीत हेच काम जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत, तज्ज्ञासोबत केलं जातं. जवळ कुणी नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलता येतं.

प्रश्न : मालवणात आमच्याकडे अंगावर पाणी भरलेले फोड उठले की कोळी मुतला म्हणतात. यात तथ्य किती?

उत्तर : कोळ्याचं काही नाही. कोळ्याची विष्ठा पांढरट असते, तिने कातडी भाजत नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती सेंटिमीटरभर लांबीचा, तांबूस-काळ्या पट्ट्यांचा एक सडपातळ भुंगेरा येतो, पिडेरस. तो मानेवर चिरडला की त्याच्या अंगातल्या पेडेरिन नावाच्या द्रव्याने दुसऱ्या दिवशी चट्टा उठतो, बऱ्याचदा पट्ट्यासारखा लांबट. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. फोड अंगाच्या एकाच बाजूला, ओळीने आणि ठणकत असतील तर ती नागीण असू शकते. त्यावरची औषधं पहिल्या तीन दिवसांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात, म्हणून डॉक्टरांकडे लगेच जा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. त्याला टॅरॅन्टुला (मोठा केसाळ कोळी) पाळायचा आहे. इंटरनेटवर एक जण कुरिअरने पाठवायला तयार आहे. मुलगा म्हणतो, नाहीतर घाटातल्या दरडीतून आणतो. काय करावं? (गुहागर)

उत्तर : दरडीतून आणणं आधी बाद करा. सह्याद्रीत जमिनीत बिळं करणारे थ्रिग्मोपिअस आणि झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया हे आपले टॅरॅन्टुला. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते. ती उचलली की त्या दरडीतली पुढची पिल्लंही गेली. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून काही उचलणं हा तर गुन्हाच. शिवाय हे कोळी नवशिक्याचे नव्हेत. चपळ असतात, आणि अमेरिका खंडातल्या अनेक टॅरॅन्टुलांसारखे पोटावरचे खाजरे केस यांच्याकडे नाहीत, त्यामुळे बचावाला दातच पुढे येतात. पोइसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत जबर गोळे येतात आणि ते काही दिवस परत परत येऊ शकतात. त्यावर प्रतिविष नाही.

विकत घेतानाही कागद बघा. २०१९पासून पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जाती साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहेत. लाल गुडघ्यांचा मेक्सिकन ब्रॅकिपेल्मा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ला लागू झाली, आणि साईट्सच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगायचा तर आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ताब्यात आल्यापासून मुदत ३० दिवसांची. विक्रेत्याकडे कायदेशीर आयातीचे किंवा पैदाशीचे कागद नसतील तर नोंदणी करताना तुम्हीच अडचणीत याल. कागद मागितल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

आणखी एक हिशेब मुलापुढे मांडा. ब्रॅकिपेल्माची मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. मुलगा शिकायला पुण्याला गेला की पाणी कोण बदलणार? हाताळायचा प्राणी नाही हा. हातातून फूटभरावरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. लांबून बघण्यात आनंद असेल तरच आणा. नसेल तर खिडकीतल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यापुढे माशी सोडून बघायला सांगा. डोळ्यांनी अंतर मोजून, मागे धाग्याचा नांगर टाकून तो उडी घेतो. हे बघायला कागद लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे नोंदणी केलेली ब्रॅकिपेल्माची मादी आहे, पाय धरून बारा सेंटिमीटर. पावसाळ्यात पेटीत बुरशी येते, पांढरे किडे फिरतात. मुंग्यांचाही त्रास आहे. (सावंतवाडी)

उत्तर : बाहेरच्या पुस्तकांतला 'रोज फवारा मारा' हा सल्ला कोकणात विसरा. जूनपासून हवाच ओली असते. पेटी तीस बाय तीस, उंची तीस सेंटिमीटर पुरे. तळाला बारा सेंटिमीटर कोकोपीट (काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो) भरलं की झाकणापर्यंत अठरा उरतात, म्हणजे कोळ्याच्या दीडपट. त्याहून जास्त उंची ठेवली तर काचेवर चढून पडण्याचा धोका वाढतो. एवढ्या थराला अकरा-बारा लिटर भुसा लागतो. साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते, तेव्हा दीड वीट तरी धरा. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या काथ्याच्या भुशात मीठ राहतं, म्हणून गोड्या पाण्यात दोनदा धुवा. मग मुठीत पिळून एकही थेंब पडणार नाही इतका वाळवा आणि दाबून भरा.

बुरशीचं खरं कारण कोंडलेली हवा. समोरासमोरच्या दोन बाजूंना तीन-चार मिलिमीटरची वीस-वीस भोकं हवीत, एक ओळ तळाच्या थराच्या जरा वर, दुसरी झाकणाजवळ. झाकणाला लोखंडी जाळी नको, तिच्यात नखं अडकून पाय तुटतो. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक चांगलं, वर खटका. लपायला अर्धी करवंटी, तोंडाकडची कड कापून. करवंटीच्या आत खोबऱ्याचा अंशही ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. पांढरे किडे बहुतेक उरलेल्या भक्ष्यावर जगणारे माइट. उष्टं चोवीस तासांत लांब चिमट्याने काढा, वरचा थर बदला, पावसात पाणी फक्त वाटीत. मार्च ते मेमध्ये आठवड्यातून एकदा वाटी भरून एका कोपऱ्यात सांडू द्या, तेवढी ओल पुरते.

मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढू नका. त्यातलं कीटकनाशक कोळ्यालाही मारतं. डासांच्या कॉइलचं आणि लिक्विडचंही तेच. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची दुधाच्या कपाटाची जुनी युक्ती इथे चालते. पाण्यावर तेलाचे दोन थेंब टाका, नाहीतर डासच पैदा कराल.

खाद्य दहा दिवसांतून एक-दोन रातकिडे, कोळ्याच्या पोटापेक्षा लहान. आगरात पकडलेले नकोत. मोहोर राखायला आंब्यावर तुडतुडे मारायची फवारणी होते, आणि त्या बागेतला किडा चालता-फिरता दिसला तरी विषारी असू शकतो. घरी डब्यात पैदास केलेलेच द्या. साफसफाई करताना चष्मा घाला. ब्रॅकिपेल्मा मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते. ते डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा, कारण ते बुबुळात रुततात.

प्रश्न : माझा टॅरॅन्टुला महिनाभर खात नव्हता, आज सकाळी उताणा पडलाय. मेला का? (वेंगुर्ले)

उत्तर : बहुधा कात टाकतोय. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताठ राहतात. मरताना दाब जातो आणि पाय मुठीसारखे पोटाखाली वळतात, तेही बहुतेक वेळा उभ्या अवस्थेत. उताणं पडणं ही कातीची तयारी. हात लावू नका, फुंकर मारू नका, सरळ करू नका. पेटीत जिवंत रातकिडा असेल तर मात्र आत्ता काढा. नवी कातडी मऊ असते, तो कुरतडतो. मोठ्या कोळ्याला कित्येक तास लागू शकतात. नंतर दात आधी पांढरे, मग तांबडे, मग काळे होतात. काळे होईपर्यंत, साधारण दहा दिवस, खायला घालू नका. पाण्याची वाटी मात्र भरलेली ठेवा.