काळा टी-शर्ट आणि संकासुर
वाचकांचे प्रश्न : सुरांविषयी

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. वर्षभरापासून हेवी मेटल नावाचं परदेशी संगीत ऐकतो. कवटीचे काळे टी-शर्ट घालतो, दार लावून तासन् तास खोलीत बसतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, ही सैतानाची पूजा करणाऱ्यांची गाणी, ती ऐकून परदेशात मुलांनी जीव दिलेत. मी घाबरले आणि त्याचा हेडफोन लपवून ठेवला. आता तो माझ्याशी धड बोलत नाही. काय करू?
— एक आई, देवगड

उत्तर : ताई, आधी हेडफोन परत द्या. बाकीचं मग बोलू.

तुम्ही देवगडच्या, म्हणजे जत्रेतला दशावतार तुम्हाला सांगायला नको. मी अकरा वर्षं एका दशावतारी मंडळात मृदंग वाजवला. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, संकासुर येतो तेव्हाचं दृश्य आठवा. काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरं तोंडाला टॉवेल गुंडाळून अंगणात संकासुर होऊन नाचतात. पोर असुराच्या नादी लागलं, असं त्यावरून कुठल्याही आईने म्हटलेलं मी ऐकलं नाही. संकासुराशिवाय खेळ पुरा होत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तुमच्या मुलाच्या टी-शर्टवरची कवटी त्याच घरातली आहे.

सैतानाचं म्हणाल, तर मुळापाशीच जाऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या चार कामगारपोरांचा बँड ब्लॅक सॅबथ. त्यांची पहिली तबकडी 13 फेब्रुवारी 1970 ला आली आणि बहुतेक जाणकार हेवी मेटलची सुरुवात तिथून धरतात. बँडचं नाव त्यांनी एका भयपटावरून घेतलं. त्याच नावाचं त्यांचं गाणं आहे, त्यातला माणूस सैतानाची पूजा करत नाही. समोर काळी आकृती पाहून तो थरथर कापतो आणि देवाचा धावा करतो. शब्द कुणी नीट ऐकलेच नाहीत, तबकडीचं वेष्टण पाहून निकाल दिला.

आणि ती दोन बोटांची खूण, तर्जनी आणि करंगळी वर? ती मेटलमध्ये रुजवली रॉनी जेम्स डिओ या गायकाने. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती खूण करायची. आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळतात तसंच. शेजारच्या काकूंना हे जरूर सांगा.

जीव दिल्याची गोष्ट खरी आहे आणि ती दुःखाची आहे, म्हणून पूर्ण सांगतो. 1985 साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली. घरच्यांनी जूडास प्रीस्ट या बँडवर दावा लावला, की गाण्यात छुपा संदेश दडवला आहे. 1990 मध्ये खटला चालला. मुलं त्या दिवशी दारू आणि गांजाच्या अमलाखाली होती, दोघांचंही बालपण फार त्रासात गेलं होतं, हे न्यायालयासमोर आलं. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. लोकांच्या तोंडी मात्र फक्त दावा उरला, निकाल कुणी सांगत नाही.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. नॉर्वेमध्ये 1990 नंतरच्या काही वर्षांत ब्लॅक मेटल हा मेटलचाच एक प्रकार वाजवणाऱ्या एका छोट्या टोळक्याने चर्च जाळली, खूनही झाला. ते गुन्हे होते आणि त्यांना शिक्षा झाल्या. पण बर्मिंगहॅमपासून बंगळुरूपर्यंत लाखो माणसं हे संगीत ऐकतात, त्यांना त्या मूठभरांच्या मापाने मोजू नका.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 साली 39 मेटलप्रेमींवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना रागाच्या आठवणी काढायला लावल्या, मग काहींना आपापलं आवडतं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. उलट त्यांना हुरूप आला. प्रयोग लहान आहे, पण या मुलांशी बोलताना मलाही तेच दिसतं.

खरी काळजी आवाजाची करा. 85 डेसिबलला कान आठ तास तग धरतो, 100 डेसिबलला पाव तासच. हेडफोनवर 100 गाठणं अवघड नाही. तेवढं मात्र त्याला ठणकावून सांगा. जेवण तुटलं, मित्र तुटले, झोप उडाली, असं काही दिसलं तर समुपदेशकाकडे न्या. पण त्यासाठी हेडफोन लपवू नका. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, तुझं सगळ्यात आवडतं एक गाणं मला लाव, आणि ते का आवडतं ते सांग. मग गाणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

प्रश्न : मी चाळीस वर्षं भजन करतो. नातू हे मेटल ऐकवतो. मला त्यात ना सूर सापडला, ना ताल. सगळं एकसारखं. यात संगीत आहे तरी काय?
— एक भजनीबुवा, कणकवली

उत्तर : बुवा, तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर तुमच्याच हातात आहे.

मध्यरात्री भजनाच्या डबलबारीचा कर्णा दोन मैलांवरून ऐकणाऱ्या मुंबईच्या पाहुण्याला काय ऐकू येतं? नुसता गोंगाट. त्याला गजर कुठला, गवळण कुठली, समोरच्या बुवाच्या सवालाला जवाब कसा आला, यातलं काही कळत नाही. मंडपात बसलेल्याला सगळं कळतं. मेटलचंही तसंच आहे, जवळ जाऊन बसावं लागतं.

सुराचं सांगतो. मेटलच्या गिटारचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज आणि पंचम. तुमच्या तंबोऱ्याची जोडी! गंधार घालत नाहीत, कारण फाटलेल्या आवाजात गंधार मिसळला की सगळं गढूळ होतं. आवाज फाटतो कारण ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर जोर लावतात. तो जोर हवाच असतो, त्यामुळे एक तार लांबवर गुंजत राहते, सनईसारखी. या लोकांची एक लाडकी सुरावट आहे, ते तिला फ्रिजियन म्हणतात. कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. बुवा, हा आपला भैरवी थाट. नातवाला त्यातलं एखादं गाणं लावायला सांगा आणि पेटीवर भैरवी धरा.

ही खर्जातली भारदस्त धून कुठून आली, तेही ऐका. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. बोटं दुखू नयेत म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. पट्टी खाली गेली. त्या वेदनेतून जो जडशीळ आवाज निघाला, त्याच्या मागून पन्नास वर्षं जग चाललं आहे. मृदंग वाजवून माझी बोटं फुटायची तेव्हा मला या माणसाची आठवण यायची.

आता "सगळं एकसारखं" याबद्दल. डूम मेटल म्हणजे विलंबित, एकेक ठोका समेची वाट पाहायला लावणारा. थ्रॅश म्हणजे द्रुत, मेटॅलिका आणि स्लेअर या बँडचं. फ्लोरिडात वाढलेलं डेथ मेटल घोगऱ्या गळ्याचं, पण त्यातली लयकारी मोजायला बसलात तर दमाल. जर्मनीचं पॉवर मेटल तारसप्तकात गाणारं, ऐकताना छाती फुगते. ड्रीम थिएटरसारखे बँड सात मात्रांतून नऊ मात्रांत जातात आणि परत येतात. फोक मेटलवाले आपापल्या गावची वाद्यं आणतात. आपल्या दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड ढोल घेऊन उभा राहतो.

मला स्वतःला हे सारं एका कॅसेटने दिलं. माझा मावसभाऊ बोटीवर होता. सुट्टीला वेंगुर्ल्याला आला तेव्हा त्याने आयर्न मेडन या बँडची कॅसेट आणली. पडवीत लावली तर मामी आतून ओरडली, "रे, ह्यां गाणां आसा काय कोणाक मारतत?" भाऊ हसला नाही. त्याने मला एका गाण्याची गोष्ट सांगितली. कोलरिज या इंग्रज कवीची 1798 सालची कविता, तिच्यावर 1984 मध्ये बांधलेलं गाणं, तेरा मिनिटांहून लांब. एक खलाशी विनाकारण एका समुद्रपक्ष्याला मारतो. वारा पडतो, जहाज जागेवर थिजतं, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, सोबती एकेक करून मरतात. गाण्याच्या मध्यावर वाद्यं जवळजवळ थांबतात आणि लाकूड करकरल्याचा आवाज येतो. वारा पडलेला समुद्र माझ्या मावसभावाने पाहिला होता. पडवीत आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. पुढे शाळेत ती कॅसेट माझ्या दप्तरात सापडली आणि जप्त झाली, ती परत मिळाली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटची एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड आहे. नाव ऐकून दचकू नका. 2017 साली त्यांनी जो अल्बम काढला त्याचं नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. आमच्या मंडळातल्या पेटीवाल्या काकांना मी त्यातलं मत्स्याचं गाणं ऐकवलं. संकासुराने पळवलेले वेद विष्णूने मत्स्य होऊन आणले, हे त्यांनी आयुष्यभर वाजवलेलं. इंग्रजी शब्द त्यांना कळले नाहीत. मांडीवर हात मात्र पहिल्या मिनिटापासून ताल धरत होता. संपल्यावर म्हणाले, नरसिंहाचा लाव.

प्रश्न : मला मेटलमधला तो घोगरा आवाज काढायला शिकायचंय. मैत्रिणी म्हणतात हे मुलींचं काम नाही, घरचे म्हणतात गळा जाईल.
— एक कॉलेजकन्या, रत्नागिरी

उत्तर : मैत्रिणींना व्हॉइस ऑफ बाचेप्रोत हा बँड ऐकवा. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एका खेड्यातल्या तीन मुली, डोक्याला हिजाब, हातात गिटार. 2014 साली शाळेत असताना सुरुवात केली. 2022 मध्ये त्या जर्मनीतल्या वाकेनला वाजवून आल्या. वाकेन म्हणजे जेमतेम दोन हजार वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव. वर्षातून काही दिवस तिथे मेटलची जत्रा भरते आणि हजारो माणसं येतात, आंगणेवाडीला येतात तशी. गावातल्या अग्निशमन दलाचा बँडही तिथे वाजवतो. आर्च एनिमी या बँडमध्ये अँजेला गोसोवने वर्षानुवर्षं असा आवाज लावला की नाव न वाचता ऐकणाऱ्याला बाई गाते आहे हे ओळखू येत नसे.

घरच्यांची भीती अर्धी खरी आहे. गळा आवळून ओरडाल तर महिन्याभरात आवाज बसेल. हा आवाज मुख्यतः खऱ्या स्वरतंतूंचा नसतो. त्यांच्या वर दोन मऊ पट्ट्या असतात, त्या थरथरवून तो निघतो, आणि खालून जोर पोटाच्या श्वासाचा लागतो. म्हणून आधी सहा महिने षड्जाचा खर्ज लावा, रोज पहाटे, एका श्वासात जितका टिकेल तितका. मग जाणत्या शिक्षकाकडून हा आवाज शिका, आता ऑनलाइनही शिकवतात. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरेत. सोबत कोमट पाणी ठेवा. टोचलं किंवा दुखलं की त्याच क्षणी थांबा.

घरी रियाजाची अडचण होत असेल तर मिऱ्याच्या किनाऱ्यावर जा. पावसाळ्यात तिथल्या लाटांपुढे तुमचा आवाज कुणाच्या कानावर जाणार नाही.