एआरएम बोर्ड, विंडोज आणि अँड्रॉइडसाठी ओपनएसएसएल बिल्ड करताना कॉन्फिगरला काय सांगावे

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या बागांमध्ये जमिनीतला ओलावा मोजणारे तुमचे यंत्र ६४-बिट एआरएम बोर्डावर चालते, त्याची नोंद विंडोजवरील कार्यालयीन प्रोग्रामकडे आणि बागाईतदाराच्या अँड्रॉइड ॲपकडे जाते, आणि या तिन्ही ठिकाणी तुम्ही ओपनएसएसएल ३.० ही सांकेतिक जोडणी व प्रमाणपत्रांची लायब्ररी स्वतः बिल्ड करून, म्हणजे सोर्सपासून तयार करून, वापरता. बोर्डासाठी लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करताना (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठीचा कोड तयार करताना) ‘-एम६४ हा पर्याय ओळखता आला नाही’ अशी त्रुटी आली, तेव्हा तुम्ही मेकफाइल या बिल्डच्या सूचनांच्या फाइलीतून तो शब्द हाताने काढून टाकला. पुढे असेंब्लीच्या (थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेल्या) फाइली अडल्या म्हणून त्या वगळणारे ‘नो-एएसएम’ दिले, आणि विंडोजवर नॅस्म हा असेंब्लर सापडत नाही म्हणून तिथेही तेच दिले. आता सर्व चालते, परंतु बोर्डावर प्रत्येक जोडणीला फार वेळ लागतो आणि विंडोजवर प्रमाणपत्राची पडताळणी अपयशी ठरते. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये तुमच्यासारखेच काम करणाऱ्या दोन-तीन लहान कंपन्यांकडे मी नेमकी हीच साखळी पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पर्यायांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टंकताना ती सोर्सबरोबर येणाऱ्या इन्स्टॉल फाइलीत जशी आहेत तशीच घ्यावीत.

आधी मेकफाइलविषयी. ओपनएसएसएलचे ‘कॉन्फिगर’ हे पर्लमध्ये लिहिलेले स्क्रिप्ट आहे. ते ‘कॉन्फिगरेशन्स’ या फोल्डरमधील टार्गेटची, म्हणजे ज्या प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करायचे त्याची, वर्णने वाचते, प्रत्येक उपफोल्डरमधील ‘बिल्ड.इन्फो’ फाइली गोळा करते, त्यांवरून ‘कॉन्फिगडेटा.पीएम’ नावाची फाइल तयार करते आणि सर्वांत शेवटी साच्यातून मेकफाइल काढते. म्हणजे मेकफाइल ही या साखळीच्या टोकाला निघणारी वस्तू आहे. तिच्यात केलेला बदल पुढच्या कॉन्फिगरबरोबर नाहीसा होतो. इतकेच काय, साचे किंवा बिल्ड.इन्फो बदललेले दिसले तर ‘मेक’ स्वतःच पुन्हा कॉन्फिगर चालवते आणि तुम्हाला न विचारता तुमची दुरुस्ती पुसून टाकते.

तुमची -एम६४ ची त्रुटी टार्गेटचे नाव न दिल्यामुळे आली. नाव दिले नाही तर कॉन्फिगर ज्या यंत्रावर चालत आहे त्याचाच अंदाज घेते. तुमचा लॅपटॉप इंटेलचा असल्याने त्याने ‘लिनक्स-एक्स८६_६४’ हे टार्गेट धरले, त्या टार्गेटच्या वर्णनात -एम६४ आहे, आणि एआरएमचा जीसीसी कंपायलर तो पर्याय ओळखत नाही. पुढे असेंब्ली अडली, कारण ती असेंब्लीही इंटेलची होती आणि एआरएमच्या असेंब्लरपुढे ठेवली गेली होती. नो-एएसएम दिल्यावर केवळ सीचा कोड उरला आणि तो कसाबसा कंपाइल झाला. दोन्ही प्रोसेसर ६४-बिट आणि लिटल-एंडियन (संख्येचा लहान बाइट आधी ठेवणारे) असल्यामुळे तो चालतोही, पण तुमच्या बोर्डावर एआरएमसाठी लिहिलेला एकही भाग पोहोचलेला नाही.

योग्य आज्ञा अशी: ‘./कॉन्फिगर लिनक्स-एएआर्च६४ --क्रॉस-कंपाइल-प्रिफिक्स=एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू-’. शेवटची आडवी रेघ नावाचाच भाग आहे, ती विसरू नये. हा पर्याय दिल्यावर ‘सीसी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये क्रॉस-कंपायलरचे पूर्ण नाव ठेवू नका, कारण उपसर्ग त्या नावालाही जोडला जातो आणि ‘एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू-’ दोनदा लागलेला, अस्तित्वातच नसलेला कंपायलर शोधला जातो. दोहोंपैकी एकच मार्ग धरावा.

आता नो-एएसएम, कारण तुमच्या मंद जोडणीचे मूळ इथे आहे. या लायब्ररीतील असेंब्ली म्हणजे सीवर चढवलेला वरवरचा वेगाचा थर नव्हे. ती पर्लच्या स्क्रिप्टमधून प्रत्येक प्रोसेसरच्या असेंब्लरसाठी स्वतंत्रपणे काढली जाते, आणि चालू प्रोसेसरमध्ये कोणत्या सोयी आहेत हे लायब्ररी सुरू होतानाच तपासून त्यानुसार मार्ग निवडते. एईएस या सांकेतिकीकरण पद्धतीसाठीच्या इंटेलवरील एईएस-एनआय सूचना याच मार्गाने वापरल्या जातात. नो-एएसएम दिले की प्रोसेसरमध्ये त्या असूनही ओपनएसएसएलच्या हाती लागत नाहीत. जोडणी सुरू होताना मुख्य खर्च सार्वजनिक किल्लीच्या गणिताचा असतो, आणि त्या गणितात वापरल्या जाणाऱ्या पी-२५६ वक्रासाठी एआरएमवर खास लिहिलेला असेंब्ली कोड आहे. तुमच्या बिल्डमध्ये तो नाही, म्हणून बागेतले यंत्र प्रत्येक वेळी सर्वसाधारण सी कोडने तेच गणित सावकाश करते.

दुसरी बाब वेळेच्या गळतीची, म्हणजे गणिताला लागणाऱ्या वेळेवरून गुपित बाहेर पडण्याची आहे. तक्त्यात पाहून चालणाऱ्या एईएसमध्ये कॅशेच्या वर्तनावरून किल्लीचा माग काढता येतो, हे संकेतशास्त्रज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. प्रोसेसरच्या स्वतःच्या एईएस सूचनांमध्ये असा तक्ताच नसतो. ३.० पासून नो-एएसएमचा सी कोडही मूळ मांडणीत ही गळती टाळतो, पण त्याची किंमत वेगात मोजतो. म्हणून कंपायलरची तक्रार मिटवण्यासाठी नो-एएसएम देणे मला मान्य नाही. ज्या प्रोसेसरसाठी असेंब्ली उपलब्धच नाही तिथेच ते द्यावे.

तुमच्या बोर्डात एईएसच्या सूचना आहेत का, हे मात्र आधी पाहा. बोर्डावर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ उघडा आणि ‘फीचर्स’ या ओळीत ‘एईएस’ हा शब्द शोधा. रास्पबेरी पाय ४ च्या प्रोसेसरमध्ये तो नाही, पाय ५ मध्ये आहे. शब्द नसेल तर सर्व्हरवर चाचा२०-पॉली१३०५ या दुसऱ्या सांकेतिकीकरण पद्धतीला प्राधान्य द्यावे, कारण प्रोसेसरच्या खास सूचनांशिवायही ते वेगाने चालते. वेग वाढेल या आशेने ‘-मार्च=नेटिव्ह’ देऊ नका. प्रोसेसरची तपासणी लायब्ररी चालू असताना करतेच, आणि एका यंत्रावर असे बांधलेले बिल्ड थोड्या जुन्या यंत्रावर ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते.

विंडोजवर नॅस्म न सापडण्याचे कारण साधे असते: नॅस्मचा इन्स्टॉलर अनेकदा स्वतःला ‘पाथ’मध्ये घालत नाही, तो हाताने घालावा लागतो. पर्लही विंडोजचेच हवे, म्हणजे स्ट्रॉबेरी पर्ल. गिटबरोबर येणारे पर्ल युनिक्सच्या पद्धतीचे पाथ देते आणि ‘व्हीसी-विन६४ए’ या टार्गेटला ते चालत नाही. व्हिज्युअल स्टुडिओचा ६४-बिट डेव्हलपर प्रॉम्प्ट उघडून तिथूनच ‘पर्ल कॉन्फिगर व्हीसी-विन६४ए’ आणि नंतर ‘एनमेक’ चालवावे.

प्रमाणपत्राची पडताळणी अपयशी ठरते ती वेगळ्या कारणाने. ‘--प्रिफिक्स’ म्हणजे लायब्ररी कुठे बसवायची आणि ‘--ओपनएसएसएलडीआयआर’ म्हणजे सेटिंगची फाइल व विश्वासू मूळ प्रमाणपत्रे कुठे शोधायची. हा दुसरा पाथ बिल्डच्या वेळीच लायब्ररीत कायमचा कोरला जातो. तुमच्या ग्राहकाच्या संगणकावर त्या पाथवर ‘सर्ट.पेम’ नसेल तर लायब्ररीच्या दृष्टीने जगात विश्वासू असे कोणीच नाही, आणि विंडोजचे स्वतःचे प्रमाणपत्र-भांडार ती आपणहून पाहत नाही. आवृत्ती ३.२ पासून ते भांडार वाचण्याची सोय आली आहे, पण तीही मागावी लागते. मूळ प्रमाणपत्रांची फाइल तुमच्या इन्स्टॉलरबरोबर द्यावी आणि प्रोग्राममधून तिचा पाथ स्पष्टपणे सांगावा, हे मला अधिक खात्रीचे वाटते.

हा पाथ हलक्यात घेऊ नका असे मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याला आधार आहे. लिनक्सवरून मिंगडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपायलर-संचाने केलेल्या बिल्डमध्ये पूर्वी युनिक्सचाच ‘/यूएसआर/लोकल’ हा पाथ कोरला जात असे. विंडोजवर त्याचा अर्थ ‘सी:/यूएसआर/लोकल’ असा होतो, आणि सी ड्राइव्हवर असे नवे फोल्डर साधा वापरकर्ताही तयार करू शकतो. म्हणजे कोणीही तिथे आपली सेटिंगची फाइल व प्रमाणपत्रे ठेवून लायब्ररीला फसवू शकत होते. २०१९ मध्ये ही उणीव सीव्हीई-२०१९-१५५२ या क्रमांकाने जाहीर झाली आणि मूळ पाथ बदलण्यात आले. तुमचा पाथ असा निवडा की तिथे लिहिण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला असेल.

तुम्ही जाता जाता लिहिले आहे की ‘इन्क्लूड’ फोल्डर तिन्ही प्लॅटफॉर्मसाठी एकच ठेवले आहे. ते आजच वेगळे करा. त्यातील ‘कॉन्फिगरेशन.एच’ ही फाइल प्रत्येक कॉन्फिगरच्या वेळी नव्याने तयार होते. तिच्यात कोणत्या गोष्टी वगळल्या आहेत याची नोंद असते आणि मोठ्या संख्यांचा एकक शब्द केवढा, हेही असते. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’ ६४ बिटांचा आहे, विंडोजवर ३२ बिटांचाच. एकीकडची हेडर आणि दुसरीकडची लायब्ररी एकत्र लिंक झाली तर त्रुटी दिसेलच असे नाही, आणि न दिसलेली त्रुटी अधिक महाग पडते. यावर सोपा उपाय म्हणजे सोर्सच्या बाहेर बिल्ड करणे: ‘बिल्ड-एआरएम’, ‘बिल्ड-विन’, ‘बिल्ड-अँड्रॉइड’ अशी रिकामी फोल्डर करा, प्रत्येकाच्या आत जाऊन सोर्समधील कॉन्फिगरला पाथने हाक मारा. मूळ सोर्स स्वच्छ राहतो आणि एकाचे अवशेष दुसऱ्यात मिसळत नाहीत.

बसवण्याच्या जागेविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी नवतपा सुरू असताना नागपुरातील एका संस्थेच्या डेबियन-कुळातील सर्व्हरवर मी सुरक्षा दुरुस्ती असलेली ३.० ची नवी उपआवृत्ती बसवली, सेवा पुन्हा सुरू केली आणि काम झाले असे कळवले. तीन दिवसांनी प्रतापनगरच्या घरी, कूलरच्या आवाजात, सहज ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ चालवले. ती आज्ञा एका ओळीत दोन आवृत्त्या दाखवते: आधी प्रोग्रामची, नंतर कंसात ‘लायब्ररी’ असे लिहून प्रत्यक्ष लोड झालेल्या लायब्ररीची. कंसाबाहेर नवा क्रमांक होता आणि कंसात जुना. ३.० पासून लिनक्स-एक्स८६_६४ टार्गेट लायब्ररी ‘लिब६४’ मध्ये ठेवते, आणि त्या सर्व्हरचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणारा भाग) ‘/यूएसआर/लोकल/लिब’ पाहत होता, ‘लिब६४’ नाही. तीन दिवस तो सर्व्हर दुरुस्तीशिवाय उघडा होता आणि मी उलट कळवले होते. तेव्हापासून मी ‘--लिबडीआयआर=लिब’ नेहमी स्पष्ट देतो, लिंकरला आरपाथ (प्रोग्राममध्येच कोरलेला लायब्ररीचा पाथ) देतो आणि ती ओळ वाचल्याशिवाय काम संपले असे म्हणत नाही.

काय वगळावे असेही तुम्ही विचारले आहे. लहान यंत्रावर लायब्ररी प्रोग्राममध्येच सामावणारे ‘नो-शेअर्ड’ योग्य आहे, पण मग लायब्ररीत दुरुस्ती आली की तुमचा संपूर्ण प्रोग्राम पुन्हा बिल्ड करून प्रत्येक बागेत पोहोचवावा लागेल, याची व्यवस्था आधी हवी. सुरक्षित जोडणीच्या टीएलएस प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या वगळा. न लागणारा कोड वगळण्याचे मोल ओपनएसएसएलच्या हार्टबीट या भागातील २०१४ च्या हार्टब्लीड उणिवेने दाखवले: ज्यांना लगेच १.०.१जी वर जाता येत नव्हते त्यांच्यासाठी अधिकृत सूचनाच होती की हार्टबीट वगळण्याची व्याख्या देऊन पुन्हा कंपाइल करावे. मात्र ‘नो-लेगसी’ देण्याआधी तुमच्याकडच्या जुन्या पीएफएक्स (प्रमाणपत्र व किल्ली एकत्र ठेवणाऱ्या) फाइली तपासा. त्यांतील अनेक आरसी२-४० या जुन्या पद्धतीने बंद केलेल्या असतात आणि अशा पद्धती पुरवणाऱ्या लेगसी प्रोव्हायडरशिवाय उघडत नाहीत.

एका पर्यायाला हात लावू नये असे मला वाटते, तो म्हणजे यादृच्छिक संख्यांचे बीज कुठून घ्यायचे हे सांगणारा ‘--विथ-रँड-सीड’. मूळ मूल्य ‘ओएस’ आहे, तेच राहू द्या. लिनक्सचा कर्नल ३.१७ किंवा पुढचा असेल तर असे बीज देणारी ‘गेटरँडम’ ही सोय मिळते. कुठेतरी वाचून ‘नन’ देऊ नका. डेबियनमध्ये २००६ साली व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाची चेतावणी घालवण्यासाठी ओपनएसएसएलमधील बीज मिसळणारी ओळ काढली गेली, आणि मे २००८ मध्ये हे लक्षात येईपर्यंत तिथे तयार झालेल्या किल्ल्या जवळजवळ केवळ प्रोसेस क्रमांकावर, म्हणजे ३२,७६८ शक्यतांवर अवलंबून राहिल्या. बिल्ड निर्विघ्न पार पडत होते आणि किल्ल्या दिसायलाही नेहमीसारख्याच होत्या.

अँड्रॉइडसाठी ‘अँड्रॉइड-एआरएम६४’ टार्गेट, एनडीकेचा (अँड्रॉइडसाठी सी कोड बिल्ड करण्याच्या संचाचा) पाथ ‘अँड्रॉइड_एनडीके_रूट’ मध्ये, त्याच्या टूलचेनचे ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये, आणि एपीआयची पातळी व्याख्येने द्यावी. एनडीके आर२८ पेक्षा जुना असेल तर लिंकरला मेमरीच्या पानाचा कमाल आकार १६३८४ बाइट द्या, कारण अँड्रॉइड १५ आणि पुढील आवृत्त्यांना लक्ष्य करणाऱ्या ॲपकडून गुगल प्ले १६ केबी पानांची तयारी मागते.

नव्याने बिल्ड करणारच आहात तर ३.५ घ्या. ३.० चा आधार सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे, ३.५ चा एप्रिल २०३० पर्यंत, आणि बागेतले यंत्र एकदा बसवले की दरवर्षी कोणी उघडत नाही.

पुढचे पाऊल असे घ्या. नवे एआरएम बिल्ड झाल्यावर ‘पर्ल कॉन्फिगडेटा.पीएम --डंप’ चा संपूर्ण मजकूर फाइलीत घेऊन तुमच्या रिपॉझिटरीत ठेवा. ‘मेक टेस्ट’ लॅपटॉपवर क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या आधाराने किंवा थेट बोर्डावर चालवा; क्रॉस-कंपाइल आहे म्हणून ते टाळू नका. मग बोर्डावर जुन्या व नव्या दोन्ही बिल्डने ‘ओपनएसएसएल स्पीड ईसीडीएसएपी२५६’ आणि ‘ओपनएसएसएल स्पीड -ईव्हीपी एईएस-२५६-जीसीएम’ चालवा, आणि ‘ओपनएसएसएल व्हर्जन -ए’ चा मजकूर त्या आकड्यांसह इथे द्या. जोडणी तरीही मंद राहिली तर तुमच्या प्रमाणपत्राची किल्ली आरएसए ४०९६ ची आहे का, तेही त्यात लिहा.