रात्रभरात एकदाच चमकणारा काजवा

प्रश्न : मोरजीच्या किनाऱ्यावरून रात्री दिव्यांची एक सरळ माळ आकाशात सरकताना दिसली. परग्रहावरचं यान असेल का? (एक वाचक, पेडणे)

तुमच्या वर्णनावरून ते स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह वाटतात. एकाच रॉकेटमधून ते डझनांनी सोडतात आणि पहिले काही दिवस एकामागून एक रांगेनं फिरतात.

प्रश्न : आकाशगंगेत एवढे तारे आहेत, मग आपल्याला कुणीच कसं भेटत नाही? (एक विद्यार्थिनी, वाळपई)

१९५० साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जेवता जेवता सहकाऱ्यांना हेच विचारलं होतं : मग आहेत कुठे सगळे? आपल्या आकाशगंगेत निदान १० हजार कोटी तारे आहेत. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ६ हजारांहून जास्त ग्रह आपण शोधलेत. तेव्हा जागेची वाण नाही. अंतर मात्र अफाट. या टोकाहून त्या टोकाला जायला प्रकाशालाही लाखभर वर्षं लागतात. तरी माझ्या मते खरी आडकाठी काळाची आहे.

मृगाच्या तोंडावर सत्तरीत झाडं काजव्यांनी लखलखतात, ती तू पाहिली असशीलच. आता कल्पना कर, रानात थोडेच काजवे आहेत आणि प्रत्येक जण रात्रभरात एकदाच चमकणार. दोघे एकाच क्षणी उजळले तरच एकमेकांना दिसणार. आकाशगंगेचं हजार कोटींहून अधिक वर्षांचं आयुष्य बारा तासांच्या रात्रीत बसवलं, तर आपली रेडिओची शंभर-सव्वाशे वर्षं, म्हणजे आपलं चमकणं, सेकंदाच्या हजाराव्या भागातच आटपतात! पृथ्वीवर जीवसृष्टी साडेतीनशे कोटी वर्षं तरी आहे, आणि त्यातला बहुतेक काळ ती एकपेशीयच होती. म्हणून मला वाटतं, सूक्ष्मजीव पुष्कळ ठिकाणी असतील. रेडिओ बांधणारे फार विरळ. पुरावा अजून दोन्हींचा नाही.

प्रश्न : उसगाळीमळची कातळावरची प्राचीन चित्रं परग्रहवासीयांनी कोरली, असा व्हिडिओ फिरतोय. (एक शिक्षक, सांगे)

हे वाचून वाईट वाटलं. कुशावतीकाठच्या त्या जांभ्यावर पाणी ओतलं की बैल आणि हरणं उठून दिसतात. त्या गोल चक्रव्यूहाच्या खोबणीत मी बोट फिरवून पाहिलंय. कुणीतरी उकिडवं बसून, दगडानं ठोकून ठोकून ती रेघ काढली आहे. ते आपल्याच मातीतले शिकारी आणि गुराखी. त्यांचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नका, मुलांना तिथे घेऊन जा.

प्रश्न : आपण कुणाला हाक दिली आहे का? (एक वाचक, डिचोली)

हो. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे रेडिओ संदेश गेला. तो गुच्छ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. आज तो संदेश पन्नासेक प्रकाशवर्षांवर पोचलाय, आणि उत्तर निघालंच तरी ते इथे यायला एकूण ५० हजार वर्षं लागतील.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिला अशा दुर्बिणी जवळून दाखवायच्या आहेत. (एक पालक, फोंडा)

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. यंदाची तारीख आधी विचारून घ्या आणि तिला अँटेनाखाली उभी करा.